आमची पांच वॅटची पेटी

आमच्या शाळेच्या गायनवर्गांत बाजाच्या पेटीशेजारीं आणखी एक पेटी ठेवलेली आहे. ती रुंदीला हातभर आणि उंचीला त्याहून चार बोटें कमी आहे. तिचीं लांकडें एका मोडक्या बांकाचीं आहेत. पुढच्या बाजूस जाळीदार कापड ताणून बसविलें आहे. मागच्या बाजूस भोकें पाडलेला पत्रा आहे आणि त्या पत्र्यास आठ स्क्रू आहेत. या आठ स्क्रूंची हकीकत पुढें येईल. बाहेरून पाहणारास ती पेटी कबुतरांचें खुराडें वाटते, असें आमच्याच एका सहकारी बंधूंनीं म्हटल्याचें आमच्या कानीं आलें आहे. त्यांचा आम्हांस राग नाहीं. ज्यांनीं ती चालू असतांना ऐकलीच नाहीं त्यांचा राग कसला धरावयाचा?

ही पेटी म्हणजे गिटारचा ध्वनिवर्धक होय. आणि तोहि आजकालचा ट्रान्झिस्टरचा नव्हे, तर कांचेच्या व्हॉल्व्हचा. त्याची शक्ति अवघी पांच वॅट. आम्ही तिचें इतकें कौतुक कां करतों, हें मुलें दरसाल विचारतात आणि आम्ही तोंड उघडतों न उघडतों तोंच तास संपल्याची घंटा होते. यंदा वार्षिकाच्या संपादकांनीं पानें देऊं केलीं आहेत आणि येथें घंटा नाहीं. तेव्हां सारें सांगून टाकतों.

सहा वर्षांपूर्वीं एका माजी विद्यार्थ्यानें आपली विजेवर वाजणारी गिटार शाळेस भेट दिली. नाताळच्या गायनांत तिचा उपयोग व्हावा, एवढीच त्याची इच्छा. साधी गिटार पोकळ असते आणि तारेचें कंपन तिच्या पोटांत घुमून बाहेर पडतें. विजेच्या गिटारचें अंग बहुधा भरीव असतें. तिच्या तारांखालीं लोहचुंबकांभोंवतीं बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. वरची पोलादी तार थरथरली कीं त्या वेटोळ्यांत तशीच थरथरणारी, परंतु अत्यंत क्षीण अशी वीज उत्पन्न होते. ती वाढविणारें यंत्र जवळ नसेल तर ही शेलकी वस्तु जवळ जवळ मुकीच. आम्ही ती प्रथम छेडली तेव्हां डांसाहून थोडा मोठा आवाज झाला, आणि पहिल्या बांकावरच्या मुलींनीं तोंडाला रुमाल लावले.

शाळेचा कर्णा होता. त्यास ती जोडून पाहिली. परंतु कर्णा हा माणसाच्या बोलण्यासाठीं घडविलेला. खर्जाचे स्वर त्याच्या नरड्यांतून उतरतच नाहींत. क्रीडामहोत्सवांत 'शंभर मीटर धावणाऱ्यांनीं पुढें यावें' हें ज्या आवाजांत ऐकूं येतें, त्याच आवाजांत नाताळचें स्तोत्र ऐकूं येऊं लागलें. तो प्रयोग एका दिवसांत संपला.

मग आम्ही मुंबईस गेलों. धोबीतलावाच्या बाजूस वाद्यांचीं दुकानें आहेत. तेथें मोठमोठे ध्वनिवर्धक कपाटांसारखे उभे होते आणि त्यांच्या किंमती वाचून आम्ही हात पाठीमागें बांधून फिरत होतों. कोपऱ्यांत एक लहानशी पेटी दिसली. विक्रेत्यानें आमचा चेहरा वाचला असावा. तरीहि त्यानें मोठ्या मनानें ती सुरू करून दिली. आवाज लगेच येईना. "थांबा सर, अजून तापली नाहीं," असें तो म्हणाला. अर्ध्या मिनिटानें मागच्या जाळींतून नारिंगी उजेड दिसूं लागला आणि आम्ही एक तार छेडली. त्या स्वरास अंग होतें, ऊब होती. तो कानांत टोंचत नव्हता. शेजारीं येऊन बसत होता. किंमत विचारली ती आमच्या आवाक्याबाहेरची निघाली. परत येतांना कसारा लोकलमध्यें आम्ही एकच विचार करीत होतों : तिच्या पोटांत पाहिलें तर दोन-तीन कांचेच्या नळ्या आणि थोडें लोखंडच होतें. एवढें ठाणें जिल्ह्यांत मिळूं नये काय?

व्हॉल्व्ह म्हणजे काय, हें येथें सांगितलें पाहिजे. कारण आजच्या मुलांनीं तो पाहिलेला नाहीं, आणि त्यांच्या आजोबांनीं पाहिला असला तरी आंत काय चालतें हें बहुधा विचारलेलें नाहीं. हवा काढून घेतलेल्या कांचेच्या नळींत एक तापणारा भाग असतो. तो तापला कीं त्यांतून विजेचे कण बाहेर पडतात आणि समोरच्या पत्र्याकडे धांव घेतात. १९०४ सालीं इंग्लंडांत फ्लेमिंग यानें या गोष्टीचा उपयोग करून घेतला. १९०६ सालीं अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यानें त्या दोहोंच्या मध्यें एक बारीक जाळी बसविली, आणि तेथेंच सारें बदललें. त्या जाळीवर क्षीण वीज पोंचली तरी तिच्यामुळें पत्र्याकडे जाणारा मोठा प्रवाह कमीजास्त होतो. शहापुराकडील मुलांस हें सांगणें सोपें आहे. तानसा धरणावर एक मनुष्य चाक फिरवितो आणि केवढें पाणी सुटतें! पाणी त्या माणसाच्या मनगटाचें नसतें; तें धरणाचें असतें. गिटारची वीज हें मनगट आणि भिंतींतल्या पिनेंतून येणारी वीज हें धरण. (तानसाचें पाणी १८९२ सालापासून मुंबईस जात आहे आणि त्याच शहापूर तालुक्यांतल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते, हा विषय निराळा, परंतु धरणाचें उदाहरण दिलें कीं वर्गांतून तो निघतोच, आणि आम्ही तो कधीं दडपीत नाहीं.)

अशा नळ्या एके काळीं खेड्यापाड्यांत होत्या. १९५० व १९६० च्या दशकांत रेडिओ म्हणजे व्हॉल्व्हचाच रेडिओ. ठाण्यास मर्फी कंपनीचा कारखाना होता. ओठांशीं बोट नेलेल्या तिच्या गोजिरवाण्या बाळाचें चित्र आजहि वडील माणसांस आठवतें. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी देशांतच व्हॉल्व्ह तयार करूं लागली होती. ट्रान्झिस्टर आला, आणि ते सारे रेडिओ माळ्यावर गेले. म्हणजे आम्हांस हवा होता तो माल आमच्याच तालुक्यांच्या माळ्यांवर धूळ खात होता.

किन्हवलीच्या एका पालकांनीं आपल्या वडिलांचा रेडिओ काढून दिला. तो मांडीवर घेऊन आम्ही एस्. टी.नें मुरबाडास गेलों. तेथें बाजारांत जुन्या रेडिओचे एक मिस्त्री बसत. सारा बाजार त्यांस मामा म्हणे, म्हणून आम्हीहि म्हणूं लागलों. मुलगा पुढें बसून मोबाइल दुरुस्त करी आणि मामा मागच्या अंधाऱ्या भागांत जुन्या यंत्रांच्या राशींत. त्यांनीं रेडिओचें पाठ काढलें, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, आणि आंत एकवार पाहून तें पाठ पुन्हां लावलें.

"गुरुजी, हा घरीं न्या."

"कां हो मामा? नादुरुस्त आहे काय?"

"वाजल. पन ह्याच्यांत ट्रान्सफॉर्मर नाय. हा पोराचा जीव घेईल."

त्यांनीं तें समजावून दिलें, आणि आम्हांस घाम फुटला. कांहीं जुन्या रेडिओंत खर्च वांचविण्यासाठीं ट्रान्सफॉर्मर घालीतच नसत; घरांतल्या विजेची एक तार थेट आंतल्या लोखंडी सांगाड्यास जोडलेली असे. लांकडी पेटी आणि बॅकेलाइटचीं बटणें यांमुळें ऐकणाराचा त्या सांगाड्याशीं संबंध येत नसे. परंतु गिटारच्या तारा ध्वनिवर्धकाच्या सांगाड्याशींच जोडलेल्या असतात. पिन उलटी बसली कीं २३० व्होल्टांचा दाब थेट वाजविणाऱ्या मुलाच्या बोटांवर. आम्ही शिकवितों मराठी. दोन महिने आम्ही हौसेनें पुस्तकें चाळलीं होतीं, परंतु ही गोष्ट आमच्या ध्यानांतून पार निसटली होती. त्या दिवशीं मामा दुकानांत नसते, किंवा भिडेखातर 'करून देतों' म्हणाले असते, तर पुढें काय झालें असतें याचा विचार आजहि नकोसा वाटतो.

योग्य रेडिओ निघाला तो मिशनच्या बंगल्यांतच, फादरसाहेबांच्या पुस्तकांच्या कपाटावर. त्यांत चांगला वजनदार ट्रान्सफॉर्मर होता, ईएल ८४ या जातीचा शक्तीचा व्हॉल्व्ह होता आणि विजेस एकाच दिशेनें वाहूं देणारा ईझेड ८० होता. गिटारची वीज प्रथम वाढविणारा ईसीसी ८३ मामांनीं लग्नाच्या लाऊडस्पीकरच्या एका मोडक्या यंत्रांतून काढला. आठ इंची स्पीकर नवा घेतला, कंडेन्सर सारे नवे घेतले. लांकूडकाम शाळेच्या सुतारकामाच्या वर्गांत झालें. सर्व मिळून खर्च सहा हजारांच्या आंत बसला. त्यांत मामांनीं स्वतःच्या मजुरीचे लावलेले पैसे आम्हांस आजहि कमी वाटतात.

मामांचें काम करणें पाहण्यासारखें होतें. यंत्र चालू असतांना ते आंत नेहमीं एकच हात घालीत. दुसरा विजारीच्या खिशांत. दोन्ही हात आंत गेले तर धक्का एका हातांतून शिरून दुसऱ्यांतून निघतो आणि वाटेंत काळीज लागतें. "खिशांतला हात मोलाचा," असें ते म्हणत. काम संपत आलें तेव्हां त्यांनीं शाळेंत येऊन भिंतींतली तीन भोकांची पिन तपासली, आणि तिच्या अर्थिंगची तार कोठेंच जात नाहीं असें दाखवून दिलें! ती वर्षानुवर्षें तशीच होती आणि तिच्यावर आम्ही कर्णा, पंखे, संगणक सारें चालवीत होतों. मग आवारांत खड्डा खणून, तांब्याचा पत्रा पुरून, त्याभोंवतीं मीठ व कोळसा भरून नवें अर्थिंग केलें. चैत्र-वैशाखांत जमीन सुकली कीं त्या खड्ड्यांत दोन बादल्या पाणी घालण्याचें काम आजहि आठवीच्या वर्गाकडे आहे. ज्यांच्या घरीं हंडाभर पाण्यासाठीं मैलभर जावें लागतें, तीं मुलें जमिनींत पाणी ओततांना आमच्याकडे ज्या नजरेनें पाहतात ती आम्ही ओळखतों.

आणि अखेरीस ती वाजली. पहिला स्वर निघाला तेव्हां खोलींत मामा, आम्ही आणि नववींतलीं चार मुलें होतीं. बटण चारापर्यंत असतांना स्वर स्वच्छ होता. मामांनीं तें सातावर नेलें, आणि त्या स्वराच्या कांठाला एक प्रकारची खरखर आली. जणूं गाणाऱ्याचा गळा भरून आला. एका मुलास वाटलें, स्पीकर फाटला. परंतु आम्ही जें धोबीतलावावर ऐकलें होतें तें हेंच.

याचें मर्म आम्हीं तंबोऱ्यावरून समजून घेतलें. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा बारीक धागा सरकवितात. तार घोडीस अलगद घांसते, आणि जो स्वर नुसता सरळ निघाला असता त्यांतून अनेक वरचे स्वर झणकारत बाहेर पडतात. यासच जवारी म्हणतात. मिरजेच्या कारागिरांचें सारें कसब तेथें लागतें. शास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें तर ती शुद्ध स्वरांत मिसळलेली भेसळच. पण त्या भेसळीवांचून तंबोरा तंबोरा होत नाहीं. व्हॉल्व्हवर त्याच्या शक्तीच्या कांठाशीं काम पडलें कीं तोहि स्वरांत अशीच भर घालतो. आमच्या पेटींत शक्तीचा व्हॉल्व्ह एकच असल्यामुळें ही भर मुख्यतः दुप्पट कंपनांची, म्हणजे वरच्या सप्तकांतल्या त्याच स्वराची असते. म्हणून ती कानास परकी वाटत नाहीं. साध्या ट्रान्झिस्टरच्या यंत्रावर तसाच भार टाकला तर तें स्वराचा माथा एकदम छाटून टाकतें आणि आवाज कर्कश होतो.

आतां पेटी लहानच कां हवी, हें लक्षांत येईल. व्हॉल्व्ह कांठाशीं आल्यावांचून ही जवारी लागत नाहीं. पन्नास वॅटची पेटी कांठाशीं नेली तर वर्गांत कोणी बसूं शकणार नाहीं. पांच वॅटची त्याच खोलींत, दारें लोटून, खुशाल नेतां येते. आणि पांच वॅट म्हणजे कांहीं कुजबुज नव्हे. आपला कान मोठा चमत्कारिक हिशेबनीस आहे : शक्ति दहापट केली तेव्हां कोठें आवाज सुमारें दुप्पट झाला असें त्यास वाटतें. म्हणजे पन्नास वॅटच्या धुडापुढें आमची पेटी आवाजानें निम्म्यावर आहे, दहाव्या हिश्श्यावर नव्हे. अमेरिकेंत फेंडर कंपनीनें नवशिक्या मुलांसाठीं 'चँप' नांवाची अशीच लहान पेटी काढली होती. तिच्या १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धांतील घडणींतहि तीनच व्हॉल्व्ह आणि आठ इंचीच स्पीकर असे. १९७० सालीं एरिक क्लॅप्टन या नामांकित वादकानें आपल्या एका गाजलेल्या ध्वनिमुद्रणासाठीं मोठीं यंत्रें बाजूस ठेवून तीच पोरासोरांची पेटी वापरली.

येथवर वाचून कोणा पालकांस वाटेल कीं मास्तरांचें डोकें फिरलें आहे. म्हणून दुसरी बाजूहि सांगतों. तेवढ्याच पैशांत ट्रान्झिस्टरची बरी पेटी मिळाली असती. ती वजनानें निम्मी असती, पडली तरी फुटली नसती, आणि बटण दाबतांच वाजली असती. आमचे विज्ञानशिक्षक हें शिक्षकांच्या सभेंत बोलले होते, आणि आणखी एक गोष्ट बोलले होते : जिच्या आंत तीनशे व्होल्टांचा दाब आहे अशी वस्तु मुलांच्या शाळेंत असावी काय? आम्हीं त्यांस हंसून उत्तर दिलें. तें हंसणें आमच्या अंगाशीं येतां येतां राहिलें.

जोडणीच्या वेळीं मामांनीं कंडेन्सरवर एक जाडसा रेझिस्टन्स आडवा लावला होता. कंडेन्सर हा विजेचा हौद आहे. पिन काढल्यावरहि तो भरलेला राहूं शकतो. हौदास कायमची बारीक गळती असावी, म्हणजे बंद केल्यावर तो आपोआप रिता होईल, असा त्या रेझिस्टन्सचा हेतु. आम्हीं त्यांच्याशीं वाद घातला. एवढ्याशा पेटींत हा आणखी एक तापणारा भाग कशाला, पुस्तकांतल्या नकाशांत तो नाहीं, असें आम्ही म्हणालों. मामांनीं उत्तर दिलें नाहीं; मान खालीं घालून कथिलाचा डाग दिला आणि पुढचें काम हातीं घेतलें. वीस-पंचवीस रुपयांची वस्तु असेल.

दुसऱ्या वर्षींच्या श्रावणांत एके सकाळीं, तास चालू असतांना, पेटी एकाएकीं मुकी झाली. आम्हीं ती बंद केली, पिन काढली, आणि मुख्याध्यापकांनीं बोलाविलें म्हणून तशीच टाकून गेलों. परत आलों तों धसईकडच्या एका पाड्यावरचा, वसतिगृहांत राहणारा आठवींतला मुलगा पेटीपुढें मांडी घालून बसलेला. पाठीचा पत्रा तेव्हां दोन हुकांवर अडकविलेला असे. तो काढून भिंतीशीं नीट टेकवून ठेवला होता, आणि त्याचे दोन्ही हात आंत होते. उजव्या हाताचीं बोटें कंडेन्सरच्या टोकांवर होतीं. आम्हांस हांक मारतां येईना.

"सर," तो मागें वळून म्हणाला, "एक दिवा पेटत नव्हता ना, तो कोणता तें बघतोय."

त्यास कांहीं झालें नाहीं. पुढें मामांनीं येऊन शक्तीचा व्हॉल्व्ह जळाल्याचें सांगितलें. मग आम्हांस दाखविण्यासाठीं त्यांनीं तो आडवा रेझिस्टन्स सोडविला, पेटी चालू करून बंद केली, पिन काढली आणि घड्याळ लावून दहा मिनिटें थांबले. मीटरचा कांटा दीडशेच्या वर उभा होता. ते एक शब्दहि बोलले नाहींत. रेझिस्टन्स पुन्हां जागच्या जागीं लावला.

रविवारीं त्या मुलाचे वडील भेटीस आले तेव्हां आम्हीं त्यांस सारें सांगितलें. न सांगतां चाललें असतें. मुलानें घरीं कांहींच म्हटलें नव्हतें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, "तुम्ही होतां ना तिथं, गुरुजी?" आम्ही नव्हतों. तसें आम्हीं सांगितलें. त्यांनीं पेटी पाहूं मागितली, मुलास वाजवावयास सांगितलें, दाराशीं उभे राहून एक पद ऐकलें, आणि बसची वेळ झाली म्हणून निघाले. त्याच संध्याकाळीं पाठीच्या पत्र्यास आठ स्क्रू बसले. पेचकस कार्यालयांत कुलपांत असतो, आणि तो काढावयाचा तर विज्ञानशिक्षकांची सही लागते. ही अट आम्हीच घातली.

तो मुलगा आतां आय. टी. आय.मध्यें वीजतंत्रीचें शिक्षण घेत आहे. सुटींत आला कीं पेटीचे आठहि स्क्रू त्याच्याच हातून निघतात, विज्ञानशिक्षक शेजारीं उभे असतात, आणि त्याचा डावा हात खिशांत असतो. मामांनीं आतां दुकान मुलावर सोंपविलें आहे. ईएल ८४ चे दोन नग आमच्याजवळ जपून ठेवले आहेत. ते संपले तर रशिया, चीन किंवा स्लोव्हाकिया येथें बनणारे मागवावे लागतील. बंगळूरचा शिक्का असलेला जुना माल आतां शोधूनच सांपडतो आणि विकणारे त्याची किंमत ओळखून आहेत.

पेटींत एक दोष राहून गेला आहे. गिटार थांबली कीं तिच्यांतून बारीक गुणगुण ऐकूं येते. व्हॉल्व्ह तापविणाऱ्या तारा एकमेकींभोंवतीं पिळून घेतल्या तेव्हां ती पुष्कळ कमी झाली, पण प्रार्थनेच्या वेळीं, सारे स्तब्ध असतांना, ती कानावर येतेच. मामांस ती मुळींच खपत नाहीं. तिचें मूळ त्यांच्या मतें एका तारेंत आहे, आमच्या मतें दुसऱ्या. आणि नाताळच्या तालमींपूर्वीं ते मुरबाडाहून चष्मा व मीटर घेऊन यावयाचे आहेत.